दिव्याची राखण

लग्न होऊन कोलकात्याच्या बेहाला भागात आल्यापासून ऋताने दुर्गापूजा फक्त ऐकली होती. गल्लीच्या तोंडाशी ढाक वाजू लागले की घरचे सगळे नटूनथटून मांडव पालथे घालायला निघायचे. घरात मात्र नवरात्राचे घट बसलेले. अखंड दिव्यापाशी कुणीतरी हवंच, आणि ते कुणीतरी म्हणजे कायम ऋताच. "दिवा विझला तर घरावर संकट येतं गं," सासूबाई दरवर्षी चपला घालता घालता बजावायच्या.

यंदा सप्तमीच्या संध्याकाळी तिचा डोळा लागला आणि दिवा विझला. मंडळी परतली तेव्हा ती रडवेली होऊन दारातच उभी होती.

तिचा नवरा अजेय हसतच सुटला. "अगं, त्यात काय एवढं! बाळंतपणाला तू माहेरी होतीस ना, त्या वर्षी आम्ही सगळेच जायचो. रोज विझायचा. आल्यावर आई काडी ओढायची, की झालं!"

सासूबाईंनी लगबगीने रोलची पुडी पुढे केली. "घे बाई, गरम आहे तोवर खा."

ऋताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुडीला तिने हातही लावला नाही.

अष्टमीला सासूबाई ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या, तर लेकीचा हात धरून ऋता आधीच जिना उतरत होती.

"अगं, आणि दिव्याजवळ कोण?"

ऋताने मागे वळूनही पाहिलं नाही.

"काडेपेटी ठेवलीय, आई."