चौथी पाणचक्की

“ही नाही. ही सोडा.”

मशाल घेऊन चक्कीच्या दारापर्यंत पोचलेला शिपाई थबकला. कॅप्टन व्हिटकोम घोड्यावरून उतरला, हातमोजा काढला आणि त्यानं चक्कीच्या मालकाचा, टोबायस रिंकरचा, हात सगळ्यांदेखत आपल्या हातात घेतला.

“गेल्या वर्षी माझ्या भावानं तुमच्या अंगणात प्राण सोडला,” तो म्हणाला. “तुम्ही त्याच्यासाठी शवपेटी केलीत, नीट पुरलंत, आईला पत्र धाडलंत. तिकडे उत्तरेत, व्हर्मांटला आमच्या घरी जेवणाआधी तुमचं नाव घेतात, रिंकर.”

कॅप्टनचा आवाज चांगला खणखणीत होता आणि कुंपणाशी अख्खं गाव उभं होतं.

अमेरिकेच्या यादवी युद्धातली उत्तरेची ही दोनशे स्वारांची तुकडी उजाडता उजाडता खिंड ओलांडून दक्षिणेच्या ताब्यातल्या शेनान्डोआच्या खोऱ्यात घुसली होती. दक्षिणेची फौज तीस मैलांवर, भलतीकडे तोंड करून बसलेली. तिच्या पावाचं पीठ या ओढ्यावरच्या चार पाणचक्क्यांत दळलं जाई. त्यातल्या तीन आता धडधडून पेटल्या होत्या. फौजेचं पीठ मात्र आदल्याच दिवशी गाड्या भरून निघून गेलं होतं. पण हुकूम चक्क्या जाळायचा होता, पिठाचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

स्वार पाणी पाजायला ओढ्यावर गेले. टोबायसनं कुंपणाकडे पाहिलं. लोहार लीव्हाय बोमन, त्याची बायको, म्हातारे झिर्कल. पुढे बार्बरा कूंट्झ. तिचे दोन्ही मुलगे दक्षिणेच्या फौजेत. कुणी ओरडत नव्हतं, कुणी रडत नव्हतं. सगळे त्याच्या चक्कीकडे बघत होते आणि एकमेकांच्या कानाशी काही कुजबुजत होते.

“बघितलंस?” तो बायकोला म्हणाला. “सायमन फंकनं उत्तरेच्या यांकींना नुसतं पाणी पाजलं होतं. कुणीतरी दक्षिणेच्या फौजेकडे चुगली केली. रिचमंडच्या तुरुंगातून त्याचा कोटसुद्धा परत आला नाही.”

“अहो, मग जाऊन बोला त्यांच्याशी,” सालोमी म्हणाली. “चाळीस वर्षं तुमच्या हातचं पीठ खाल्लंय त्यांनी. देवानं तोंड कशाला दिलंय?”

“काय बोलू? माझं एकट्याचं कसं वाचलं, ते सांगू?”

तो कुंपणाकडे गेला नाही. ओढ्याकडे धावला. कॅप्टन रिकिबीत पाय घालत होता.

“कॅप्टनसाहेब, माझीही जाळा!”

“काय?”

“चक्की. हात जोडतो. तुम्ही दुपारी निघून जाल. मला इथंच राहायचंय.”

व्हिटकोमनं पाय रिकिबीतून काढला. “खिंडीपलीकडे आठ दिवसांत एकोणीस चक्क्या जाळल्या. दर दारात कुणी ना कुणी पायांशी पडलं, जाळू नका म्हणून. जाळा म्हणणारे तुम्ही पहिलेच.” त्यानं मान हलवली. “माझ्याच्यानं नाही होणार. आईला तोंड कसं दाखवू?”

त्यानं टोपीला हात लावून टोबायसला सलाम केला, तोही गावाच्या डोळ्यांदेखत, आणि तुकडी धूळ उडवत खिंडीकडे निघून गेली.

त्या सलामानं टोबायसचं उरलंसुरलं धैर्य गेलं. खालच्या अंगाची चक्की ढासळून पडली होती. तिच्यातलं एक जळतं लाकूड त्यानं उचललं. तळहात पोळला तरी सोडलं नाही. वर येऊन तो आपल्या चक्कीत शिरला. आत सगळं जागच्या जागी होतं. आजोबांनी पेन्सिल्व्हेनियाहून बैलगाडीतून आणलेले दगड, वडिलांनी बसवलेला चाकावर पाणी सोडणारा पन्हाळ, त्यानं स्वतः रंधा मारलेली धान्याची पेटी. क्षणभर त्यानं वरच्या दगडावर हात ठेवला. मग कोपऱ्यातल्या रिकाम्या गोण्यांवर लाकूड टाकलं.

साठ वर्षांचं पीठ त्या फळ्यांत मुरलं होतं. तो बाहेर पडेपर्यंत ज्वाळा छपराला भिडल्या.

टोबायस अंगणात मधोमध उभा राहिला. बघा म्हणावं आता. माझंही गेलं.

कुंपणाशी एकच आरडाओरडा उठला. फाटक मोडून माणसं आत घुसली. टोबायसनं डोळे मिटले, पहिला तडाखा कुठे बसतो याची वाट बघत. पण माणसं त्याला वळसा घालून पुढे गेली. बादल्या, घागरी, घोड्याची पाण्याची डोणी, हाताला येईल ते घेऊन ओढ्यावर धावली. लीव्हायनं ओला कोट डोक्यावर घेऊन दारातून आत जायचा दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा त्याच्या भुवया जळाल्या. ओलं पाण्याचं चाक तेवढं जळायचं राहिलं. बाकी काही हाती लागलं नाही. छप्पर आत कोसळलं तेव्हा सगळे थांबले.

बार्बरा कूंट्झ रिकामी बादली घेऊन त्याच्यासमोर आली. तिचा चेहरा काजळीनं माखला होता.

“ओढ्यावर एवढी एकच उरली होती रे, टोबायस,” ती म्हणाली. “कुंपणाशी उभे राहून आम्ही तेच ठरवत होतो, पहिलं दळण कुणाचं टाकायचं ते.”