गोठ्यातून हाक

"आवाज आला की बोट वर करायचं, आबा. अगदी हळू आला तरी."

हैबती पडवीत भिंतीला टेकून बसला होता. दोन्ही कानांत नवी मशिनं. समोर लेक सुप्रिया, हातात मोबाईल. पुण्याच्या डॉक्टरकडं चकरा मारणं म्हाताऱ्याला झेपेना, म्हणून तिनं घरच्या घरी लावता येणारी मशिनं मागवली होती. नसरापूरच्या सासरहून ती तेवढ्यासाठीच डोंगरातल्या माहेरी आली होती.

मोबाईल एकेक सूर सोडत होता. जाड सुरांना हैबतीचं बोट झटकन वर गेलं. मग सूर बारीक होत गेले आणि बोट मांडीवरच राहिलं. पडद्यावरची रेघ उताराला लागली.

"बारीक आवाजच गेल्यात तुमचं. बायामाणसांची हाक म्हणून कळत न्हाई."



तिनं मोबाईलवरूनच त्या रेघेप्रमाणं मशिनांचा आवाज बसवला. चुलीपाशी झाकण पडलं तसा तो दचकला. "कानात घुसतंय गं!" तिनं आवाजाची धार जरा कमी केली. मग हरखून ती उतारावरच्या गोठ्यात गेली आणि तिथून साध्या आवाजात म्हणाली, "आबा, म्हशीला पेंड घालू का?"

"घाल," पडवीतून उत्तर आलं.

सुप्रिया हसत वर आली आणि थबकली. म्हाताऱ्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

गेल्या आखाडात ह्याच गोठ्यात म्हशीनं त्याच्या बायकोला, ठकुबाईला, दगडी भिंतीशी चेपलं होतं. हैबती तेव्हा पडवीत दावं वळत बसला होता. धारेची वेळ टळली तेव्हा तो खाली गेला. तोवर सगळं संपलं होतं. मयतीला आलेली माणसं म्हणाली, गोठा लांब पडतो, तिथली हाक चांगल्या कानाच्या माणसालाही आली नसती. तेवढ्या एका बोलण्यावर त्यानं आजवरचे दिवस काढले होते.

"हितं तर समदं ऐकू येतंय की गं," तो म्हणाला.

"मशिन आवाज मोठा करतं, आबा. नुसत्या कानाला न्हाई येत हितवर."

हैबतीनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तुझं कान धड हायती. तू हितंच थांब. म्या खाली जाऊन हाक मारतो."

काठी टेकत तो उतरला आणि गोठ्यात शिरला. थोड्या वेळानं तिथून हाक आली. आई मारायची तशीच, पण जोर नसलेली, दम तुटत आल्यासारखी.

"आवं... या की हिकडं."

अक्षर न् अक्षर सुप्रियाच्या कानावर पडलं. तिनं पडवीची लाकडी मेढ घट्ट धरली. मग होता नव्हता तेवढा जीव गोळा करून ती खाली ओरडली,

"आबा, मारा की हाक! कवाची वाट बघतीय म्या!"