साडेआठची नोंद

"एकवीस जुलै चौऱ्याण्णव. चारशे बारा मिलिमीटर. हा आकडा आला कुठून?"

अध्यक्ष विजयसिंह सरांनी चष्म्यावरून निशाकडं बघितलं. नेमकी हीच तारीख! दहा वर्षांच्या नोंदी, साडेतीन हजारांवर आकडे, आणि म्हाताऱ्याचं बोट पडावं ते इथंच?

कोल्हापुरात भूगोल अभ्यासक मंडळाची वार्षिक सभा चालली होती. मंडळाचा रिवाज कडक. विद्यार्थ्याला सभासद व्हायचं तर भर सभेत निबंध वाचायचा, प्रश्नांना तोंड द्यायचं, मगच अध्यक्ष अर्जावर सही करणार. सही झाली तर मंडळाच्या घाटमाथ्याच्या पाहणीत निशाला काम मिळणार होतं. पुढचं शिक्षण त्याच्यावरच होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षातल्या या पोरीनं निबंध लिहिला होता तो गगनबावड्याकडच्या आपल्या वाडीतल्या पावसावर. आकडे वडिलांचे. तिचे आबा, अण्णासो, तिथलं सरकारी पर्जन्यमापक सांभाळत. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं आणि वहीत लिहायचं.

"त्या दिवशी आसपासच्या सगळ्या गावांपुढं आकडा नाही, नुसती रेघ आहे," सर म्हणाले. "दरडी कोसळत होत्या, कुणी घराबाहेर पडलं नव्हतं. तुझ्या वडिलांनीच तेवढं मोजलं? एक आकडा घरात बसून लिहिला असेल, तर बाकीच्यांचा काय भरवसा? अर्ज परत घेऊन जा."

 आकडा खोटा आहे हे निशाला पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी साडेसातला, रस्ता बंद व्हायच्या आधी, दुधाची शेवटची जीप कोल्हापूरला सुटली होती. तापानं फणफणलेल्या आईला, शेवंताबाईला, आबांनी त्याच जीपमधून दवाखान्यात न्यायला काढलं होतं. आबांच्या मांडीवर डोकं ठेवून ती वाटेतच गेली. निशा तेव्हा गडमुडशिंगीला मावशीकडं शाळेला होती. हे सगळं तिला आबांनीच सांगितलं होतं, नऊ वर्षं सांगत आले होते. म्हणजे साडेआठला आबा वाडीत नव्हतेच. आकडा त्यांनी मागाहून अंदाजानं लिहिला असणार. बापाची अब्रू जायला नको म्हणून निशानं तो तसाच निबंधात उतरवून घेतला होता.

ती अर्ज उचलायला वाकली, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"ओ सायेब! अंदाजानं लिवलेला एक आकडा दावा, आत्ता नोकरी सोडतो!"

अण्णासो तरातरा पुढं आले.  काखेतल्या नोंदवहीच्या पुठ्ठ्यातून त्यांनी पिवळी पडलेली एक चिठ्ठी काढली. जोराचा पाऊस असला की आकडा वाडीजवळच्या पोलीस चौकीतल्या वायरलेसवरून कळवावा लागे, आणि हवालदार वेळ घालून पोच देई.

"वाचा की. कंबरभर पाण्यातनं चौकीवर गेलतो मी."

सरांनी चिठ्ठी उजेडात धरली. एकवीस जुलै चौऱ्याण्णव, सकाळी आठ पंचावन्न. चारशे बारा. खाली हवालदाराची सही, शेजारी आकडा आणणाऱ्याची म्हणून अण्णासोंची.

"माफ करा अण्णासो. चुकलो आम्ही," ते म्हणाले आणि अर्ज पुढं ओढून त्यांनी झोकात सही ठोकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. झाली बाई पोरगी सभासद!

निशाला टाळ्या ऐकूच आल्या नाहीत. ती बापाकडं बघत होती. अण्णासोंचा चेहरा आधी अभिमानानं फुलला. मग दोघांची नजरानजर झाली आणि तो पांढराफटक पडला.

"आबा," ती हळूच म्हणाली, "मग जीपमधी आईजवळ कोण हुतं?"

अण्णासोंनी वही छातीशी धरली.

"नवी नोकरी हुती, पोरी. नोंद चुकली असती तर गेली असती."

"कोण हुतं आबा?"

"कोण न्हवतं. दुधाची क्यानं हुती."