दोरावरची पोर

"दीदी, निकल गया! रथ निकल गया!"

रमिला ओरडली तशी नसीबा हातातली कात्री टाकून धावली.

आखातातल्या माबेलातलं तिचं शिवणकामाचं दुकान दुपारपुरतं बंद होतं. मदतनीस रमिलाने मोबाइल मशीनला टेकवून ठेवला होता. पडद्यावर रमिलाचं गाव होतं, काठमांडूला लागून असलेलं पाटण. अरुंद गल्ली, दोन्हीकडे विटांची जुनी घरं, खिडक्या माणसांनी भरलेल्या, आणि मधोमध मच्छिंद्रनाथाचा रथ. माणसाएवढी चाकं, चाकांवर रंगवलेले डोळे, आणि वर विजेच्या तारांच्याही पार गेलेला वेताचा मनोरा.

"अगो बाय, केवढा हा!" नसीबा म्हणाली.

"आज सिर्फ औरतें खींचेंगी. और मेरी सृष्टी भी. पहली बार!"

"कुठे आहे ती?"

"छोटी है, इतनी सी." रमिलाने कमरेशी हात धरून दाखवलं आणि पडद्यात नाक खुपसलं. आठ वर्षांत ती घरी गेली नव्हती; फोनवर लेकीचा चेहरा तेवढा दिसायचा.

तिकडे फोन रमिलाच्या बहिणीच्या हातात होता. "ती बघ, पुढेच आहे!" असं ती नेपाळीत ओरडत होती. पण फोन इतका हलत होता की नुसती डोकी, हात आणि जाडजूड दोर दिसत होते.

तेवढ्यात रथाचं एक चाक खड्ड्यात गेलं. दोर सैल पडला, पुढच्या बायका एकमेकींवर कोसळल्या आणि मनोरा एका घराकडे कलला. किंकाळ्या उठल्या. पडद्यावर एकदम नुसतं आभाळ.

"सृष्टी!" रमिलाने नसीबाचा दंड घट्ट धरला. "दीदी, वो सबसे आगे थी!"

"काही नाही होत. थांब. थांब जरा."

चित्र परत आलं. धुळीत एक उंच पोरगी उभी राहिली होती. पिवळा कुर्ता, ओढणी कमरेला आवळलेली. पडलेल्या बायकांना तिने हाताला धरून उठवलं, दोर खांद्यावर घेतला आणि आरोळी दिली, "होस्टे!"

"हैंसे!" सगळ्या बायका गरजल्या.

दोर ताणला गेला. लहानपणी जयगडच्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला धावणाऱ्या नसीबाला राहवेना. तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी पकडली, पाय रोवले आणि तीही ओरडायला लागली, "हैंसे! ओढा गो, ओढा!"

चाक हललं. मनोरा डुलला, सरळ झाला, आणि रथ खडखडत पुढे आला. गल्लीभर टाळ्या. दुकानात दोघी एकमेकींना मिठी मारून नाचल्या.

"ती पिवळी पोरगी कोण गं?" नसीबाने धापा टाकत विचारलं. "काय ताकद आहे!"

"पता नहीं दीदी. हमारे मोहल्ले की नहीं लगती." रमिलाचे डोळे अजून गर्दीत शोधत होते. खाली, बायकांच्या कमरेपाशी.

पिवळा कुर्ता गर्दीतून वाट काढत फोनकडे धावत आला. धुळीने माखलेला चेहरा पडद्यावर मावेना.

"मामु! बघितलंस ना?" सृष्टीने आईला विचारलं.

रमिला पडद्यावर वाकली. तिने बोट त्या चेहऱ्यावर ठेवलं, मग उचललं.

"बोल ना, मामु!"

"फोन मावशीकडेच राहू दे," रमिला हळूच म्हणाली. "तू मागे सर. आणखी मागे... आणखी. पाय दिसू देत."