दुसरा रस्सा

नवरा गेल्यावर त्याचा मिसळीचा गाडा मालनने पुन्हा सुरू केला, त्याला आठवडा झाला. "झकास झालीय, वहिनी," म्हणत गिऱ्हाइकं ताटली संपवायची. पण फुकटचा असूनही दुसऱ्यांदा रस्सा कुणी मागत नव्हतं. रोज अर्धं पातेलं घरी परत यायचं.

शेवटी रोज खायला येणारे फटकळ घोलपमास्तर बोललेच, "बाई, कांदा-खोबरं काळपट भाजा. करपायला इतकं घाबरता कशाला?"

दुसऱ्या सकाळी तिने मन घट्ट करून खोबरं पार काळं होईस्तोवर भाजलं. मास्तरांनी चार घास खाल्ले. मग मान वर न करताच त्यांनी रिकामी वाटी पुढे सरकवली.

"वहिनी, इकडेपण!" मागून रिक्षावाला ओरडला.

दहाच्या आतच तिची पळी पातेल्याच्या तळाला खणकन लागली.