तोंडी आमंत्रण

चौथ्या गावातही बायको गाडीतून उतरली. या वेळी कारण होतं डोकेदुखीची गोळी. औषधाचं दुकान अगदी समोर होतं आणि ती गेली पिठाच्या गिरणीमागे, तीही फोन हातात घेऊन.

तिकीट तपासनीस स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. एकतीस वर्षं त्याने माणसांचे चेहरे वाचले होते. तिकीट पुढच्या डब्यात मामांकडे आहे म्हणणारे, झोपेचं सोंग घेणारे, ऐन वेळी संडासात शिरून कडी लावणारे. बायको आज सकाळपासून तशीच वागत होती.

पहिल्या गावात ती पेट्रोल पंपावर हात धुवायला गेली आणि वीस मिनिटांनी कोरड्या हातांनी परत आली. दुसऱ्या गावात तिला सेफ्टी पिना हव्या होत्या. त्या आणायला ती टायरच्या दुकानात शिरली. तिसऱ्या गावात तिने कारण सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. न्हाव्याच्या दुकानातल्या आरशात त्याला ती दिसत होती. फोनवर बोलता बोलता तिने चक्क हात जोडले.

आज सगळं कुटुंब एकत्र जमणार होतं, एका लहानशा गावातल्या भाड्याच्या हॉलमध्ये. त्याच्या थोरल्या बहिणीने, आक्काने बोलावलंय, असं बायको म्हणाली होती. निरोप बघू, असं त्याने म्हटल्यावर ती म्हणाली, तोंडी आहे. तोंडी म्हणजे नाहीच, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. त्यांना कुणीही बोलावलेलं नव्हतं. ही बाई गावोगाव उतरून नवऱ्याला आत घ्या म्हणून विनवण्या करत होती.

आणि त्याला कोण आत घेणार होतं? अकरा वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ भाचीच्या लग्नाला निघाला होता. धावतपळत गाडी गाठली, तिकीट काढायचं राहिलं. डब्यात ड्यूटीवरचा दादा दिसताच तो खुशीत आला. त्याच्या खांद्यावर हात टाकून शेजाऱ्यांना म्हणाला, आता कसली भीती, साहेब घरचेच आहेत. दंड भरायचंही नाव घेईना. सगळा डबा बघत होता. तपासनिसाने त्याला पुढच्या स्टेशनवर उतरवलं. नंतरची गाडी पाच तासांनी होती. तो पोचला तेव्हा लग्न लागून गेलं होतं.

तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. मी नियमाने वागलो, असं तपासनीस सगळ्यांना सांगायचा. धाकट्याशिवाय करमत नाही, हे मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बायको परत आली. गोळी आणली नव्हतीच.

"खरं सांग," तो म्हणाला, "आपल्याला कुणी बोलावलंय का?"

तिने पट्टा लावला. सतरा किलोमीटर राहिलेत, एवढंच म्हणाली.

त्याचा हात गिअरवर गेला. गाडी वळवावी आणि सरळ घर गाठावं, असं त्याला फार वाटलं. धाकट्याने सगळ्यांदेखत दारातून परत पाठवलं तर काय तोंड राहील? पण मग परत कधी जायचं? साठी उलटली होती दोघांचीही. तो मुकाट्याने सरळ निघाला.

हॉलबाहेर गाड्यांची दाटी होती. खिडक्यांत ओळखीचे चेहरे होते आणि फाटकात धाकटा उभा होता. केस पार पिकले होते त्याचे. तो गाडीकडे चालत येऊ लागला. आता हा आपल्याला उतरूही देणार नाही, तपासनिसाला वाटलं. त्याच्या जागी आपणही दिलं नसतं. त्याने काच चार बोटं खाली केली.

धाकटा वाकला.

"दादा, तुझं बोलावणं आलंय म्हटल्यावर मला खरंच वाटेना. वहिनी सकाळपासून एकेकाला फोन करतायत, दादा पोचायच्या आत सगळे हजर पाहिजेत म्हणून. आक्का, आत्या, कुणीच निघत नव्हतं बघ. तू स्वतः बोलावलंयस कळलं, तेव्हा निघाले."

तपासनिसाने बायकोकडे पाहिलं. ती पर्सचा पट्टा पिळत मान खाली घालून बसली होती. हॉलभर माणसं त्याच्या शब्दाखातर आली होती आणि त्याने कुणाला अवाक्षर कळवलं नव्हतं. एकतीस वर्षांत त्याने कुणाचीही थाप चालू दिली नव्हती. सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं.

तो दार उघडून उतरला. त्याने धाकट्याचा दंड धरला.

"हो रे," तो म्हणाला, "मीच सांगितलं होतं तिला, सगळ्यांना फोन कर म्हणून."