खुर्चीवरची गादी

ट्रक थांबवून तो खाली उतरला, तेव्हा मागच्या चाकाखाली रखवालदार काकांच्या खुर्चीचा पार चुरा झाला होता. गादी तेवढी बाजूला उडून पडली होती. जुन्या पडद्याची, हातशिलाईची. त्याने ती उचलली आणि हात तसाच राहिला. गादी ऊबदार होती.

"अरे, आत्ता पाणी प्यायला उठलो होतो!" पेला हातात घेऊन काका गोदामाच्या दारातून बाहेर आले. खुर्चीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि हसायलाच लागले. "तहानेनं वाचवलं बघ मला. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती."

हमाल जमले. "नवरदेवानं आज खुर्ची खाल्ली रे!"

पहिल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला, तेव्हापासून तो सगळ्यांचा नवरदेव होता. त्याने फाटकाचा खांब खरवडला, तेव्हाही हे असेच हसले होते. मग उस्तादांच्या गाडीचा मागचा दिवा फोडला, तेव्हाही.

उस्तादांनीच त्याला ट्रक शिकवला होता. ते चाकाजवळ वाकले, उठले, हात झटकले. "प्लास्टिकला लागलं, माणसाला नाही. झालं तर मग. माझ्या पहिल्या वर्षी माझ्या गाडीचा पत्रा बघायला हवा होतास. सरळ जागा शोधावी लागायची."

"उस्ताद, मी सोडतो हे काम."

"आणि आईला काय सांगशील? गल्लीभर सांगत सुटलीय, पोरगा ट्रकवर लागला म्हणून." उस्तादांनी आवाज खाली आणला. "आज सोडलंस तर जन्मभर मागे बघायला भिशील. चढ वर. आत्ताच पुन्हा लाव गाडी."

काकांना राहवेना. त्यांनी आतून एक स्टूल आणलं, भिंतीपाशी त्याच जागी ठेवलं. त्याच्या हातातली गादी हळूच काढून घेतली, स्टुलावर घातली आणि वर बसले.

"काका, नसतं धाडस कशाला?" उस्ताद म्हणाले.

"असू दे. ये रे बाळा. माझा भरवसा आहे तुझ्यावर."

तो चढला. गाडी पुढे घेऊन सरळ केली. डावीकडच्या आरशात भिंत दिसली, स्टूल दिसलं, काका दिसले. काकांनी हात हलवला. त्याने रिव्हर्स टाकला.

"येऊ दे... येऊ दे..." मागून उस्ताद पत्र्यावर थाप मारत होते.

ट्रकचं मागचं अंग वळलं, तशी आरशातली भिंत सरकू लागली. स्टूल कडेला गेलं. मग काकांचा खांदा. मग नुसती भिंत उरली, उन्हात लख्ख, रिकामी. मघाशीही अशीच दिसली होती. रिकामी होती म्हणूनच तर तो निर्धास्त मागे आला होता.

"येऊ दे..."

त्याने इंजिन बंद केलं.

खाली उतरला तर काका स्टुलावर होते तसेच बसलेले. ट्रक अजून हातभर लांब होता.

"काय झालं रे?" उस्ताद पुढे आले. "छान येत होतास की!"

त्याने उस्तादांकडे बघितलं नाही. "काका, मघाशी तुम्ही म्हणालात, काळ आला होता. गाडीत कोण बसलं होतं?"

काका हसायला गेले. हसू अर्ध्यावरच राहिलं.

"जरा उठता?"

काका उठले. त्याने गादीवर तळहात टेकवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग किल्ली गादीवर ठेवली आणि खरवडलेल्या खांबाजवळून फाटकाबाहेर निघून गेला. उस्तादांनी हाक मारली. पुन्हा मारली. मग नाही मारली.

दिवस कलला. ट्रक उस्तादांनीच लावला, माल उतरला, हमाल पांगू लागले. किल्ली केव्हाच आत खिळ्यावर गेली होती. स्टूल मात्र तिथेच होतं, गादीही तिथेच, आणि काका शेजारी उभे.

"काका, दुपारपासून उभे आहात," जाता जाता एक हमाल म्हणाला. "बसा की आता."

"बसतो," काका म्हणाले. "जरा निवू दे."